लाल, निळा की हिरवा? नाशिकच्या शेतकऱ्याची ट्रॅक्टरनिष्ठा कशी घडते

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव सुरू होण्याआधी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या लांबच लांब रांगा लागतात. लाल महिंद्रा, हिरवा जॉन डिअर, निळा सोनालिका, त्यामागे स्वराज, मॅसी फर्ग्युसन, न्यू हॉलंड. लिलावाची वाट बघत थांबलेल्या शेतकऱ्यांच्या गप्पा कांद्याच्या भावावरून सुरू होतात आणि बऱ्याचदा ट्रॅक्टरवर येऊन थांबतात. कोणाचा डिझेल कमी खातो, कोणाचा चढावर दम टाकतो, कोणाचे हायड्रोलिक दोन वर्षांत गळायला लागले, यावर प्रत्येकाचे ठाम मत असते. गंमत अशी की हे मत बहुतेक वेळा आपल्याच ट्रॅक्टरच्या बाजूने असते.

एका कंपनीच्या वस्तूला चिकटून राहणे आणि दुसऱ्या कंपनीच्या वस्तूला नावे ठेवणे हा प्रकार मोटरसायकल, मोबाइल, चहा पावडर अशा सगळ्याच बाबतीत दिसतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र त्याला वजन आहे. मध्यम ताकदीच्या नव्या ट्रॅक्टरची किंमत सात-आठ लाखांच्या घरात जाते, बहुतेक खरेदी कर्जावर होते आणि हप्ते पाच ते सात वर्षे चालतात. म्हणून ही निष्ठा कशातून येते, तिच्यात व्यवहार किती आणि अभिमान किती, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

रंगांची सुरुवात

भारतात ट्रॅक्टर बनवणे सुरू झाले ते परदेशी कंपन्यांच्या मदतीने. १९५९ साली फरिदाबादला जर्मन तंत्रज्ञानाचा आयशर ट्रॅक्टर तयार झाला. १९६० मध्ये मद्रासला 'टाफे' ही कंपनी मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर बनवण्यासाठी स्थापन झाली. १९६३ साली महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्यासोबत भागीदारी केली. त्यातून आलेला 'बी-२७५' जुन्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात अजूनही येतो. एस्कॉर्ट्सने आधी पोलंडच्या तंत्रज्ञानावर आणि पुढे फोर्डसोबत ट्रॅक्टर काढले. सरकारी एचएमटीने १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या धर्तीवर उत्पादन सुरू केले.

या सगळ्यांत स्वराजची गोष्ट वेगळी आहे. त्याचा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत भारतीय अभियंत्यांनी तयार केला. पंजाब ट्रॅक्टर्स या कंपनीने १९७४ मध्ये तो मोहालीहून बाजारात आणला. परदेशी परवान्याशिवाय बनलेला ट्रॅक्टर म्हणून त्याचे नावही साजेसेच होते.

नाशिक जिल्ह्यात एखाद्या घरी कोणता ट्रॅक्टर पहिल्यांदा आला, ते बऱ्याचदा त्या काळी कोणत्या कंपनीचा विक्रेता जवळ होता आणि बँक कोणत्या ट्रॅक्टरला कर्ज देत होती यावर ठरले. म्हणजे आज जी आवड घराण्याची परंपरा वाटते, तिची सुरुवात पुष्कळदा सोयीतून झालेली असते. आजोबांनी घेतलेल्या ट्रॅक्टरवर वडील चालवायला शिकले, वडिलांच्या मांडीवर बसून मुलाने स्टेअरिंग धरले, गिअरची जागा हाताला पाठ झाली. दुसरा ट्रॅक्टर घेताना मग पहिली चौकशी त्याच शोरूममध्ये होते.

नाशिकपुरते आणखी एक कारण सांगितले जाते. सातपूरला महिंद्राचा मोठा कारखाना असल्याने हा ब्रँड अनेकांना घरचा वाटतो. प्रत्यक्षात त्या कारखान्यात बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्या तयार होतात. महिंद्राचे ट्रॅक्टर कांदिवली, नागपूर, तेलंगणातले झहीराबाद अशा इतर ठिकाणी बनतात. जॉन डिअरचा कारखानाही महाराष्ट्रातच, पुण्याजवळच्या सणसवाडीला आहे. तरीही आपलेपणा महिंद्राच्या वाट्याला जास्त येतो, कारण गावातल्या कोणा ना कोणाचा मुलगा, भाचा सातपूरला कामाला असतो किंवा होता.

मालक बदलले, भांडण कायम

स्वराज की महिंद्रा, हा वाद पारावर अजूनही रंगतो. स्वराजवाला म्हणतो, आमचे मशीन साधे आणि दणकट. महिंद्रावाला म्हणतो, आमचे सुटे भाग कुठेही मिळतात. पण २००७ साली महिंद्राने पंजाब ट्रॅक्टर्स विकत घेतली आणि तेव्हापासून दोन्ही ट्रॅक्टर एकाच घराचे आहेत. कंपनीने दोन्ही नावे, दोन्ही शोरूम आणि दोन्ही मॉडेलांची रांग वेगळी ठेवली. वाद संपला असता तर कंपनीचाच तोटा झाला असता. महिंद्रावर नाराज झालेला शेतकरी स्वराजकडे गेला, तरी पैसे त्याच तिजोरीत जातात. संख्येच्या हिशेबाने महिंद्रा आज जगातली सर्वांत जास्त ट्रॅक्टर विकणारी कंपनी मानली जाते, त्यात स्वराजचा वाटा मोठा आहे.

अशी उदाहरणे आणखी आहेत. २००५ मध्ये आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय टाफेने घेतला, म्हणजे मॅसी आणि आयशर एका छताखाली आले. फार्मट्रॅक आणि पॉवरट्रॅक ही दोन्ही नावे एस्कॉर्ट्सची. त्या एस्कॉर्ट्सची सूत्रे जपानच्या कुबोटाकडे गेली आणि २०२२ मध्ये कंपनीचे नाव एस्कॉर्ट्स कुबोटा झाले. फोर्डची कथा तर भाऊबंदकीसारखी आहे. फोर्डचा जगभरातला ट्रॅक्टर व्यवसाय न्यू हॉलंडकडे गेला आणि नव्वदच्या दशकात एस्कॉर्ट्सची ती भागीदारी सुटली. एस्कॉर्ट्सने आपला ट्रॅक्टर फार्मट्रॅक नावाने पुढे नेला, न्यू हॉलंडने ग्रेटर नोएडाला स्वतःचा कारखाना काढला. दोघांनीही निळा रंग ठेवला. जुन्या 'फोर्ड ३६००'चा मालक आज नवा ट्रॅक्टर घ्यायला गेला, तर खरा वारस कोण, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.

नावाला केवढी किंमत असते, हे मॅसी फर्ग्युसनच्या वादातून दिसले. टाफे आणि अमेरिकेची अॅग्को यांच्यात २०२४ मध्ये हे नाव भारतात कोणी वापरायचे यावरून वाद पेटला. २०२५ मध्ये तडजोड झाली आणि भारत, नेपाळ व भूतानपुरते हे नाव टाफेकडे आले. लोखंड तेच, कारखाने तेच, पण बोनेटवरच्या अक्षरांसाठी दोन मोठ्या कंपन्या न्यायालयापर्यंत गेल्या. ही अक्षरे बघूनच गिऱ्हाईक येते, हे दोघांनाही माहीत होते.

एचएमटीचे उलटे झाले. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. कंपनी गेली, पण कमी डिझेलवर चालणारा ट्रॅक्टर म्हणून त्याची आठवण काढणारे शेतकरी राहिले.

नाशिकमध्ये एकच उत्तर का नाही

सगळ्या जिल्ह्यात एकच ब्रँड चालत नाही, याचे मोठे कारण नाशिकची शेती. एका जिल्ह्यात तीन-चार प्रकारची शेती आहे आणि प्रत्येकीची मागणी वेगळी.

निफाड, दिंडोरी, चांदवड हा द्राक्षांचा पट्टा. वेलींच्या दोन ओळींतले अंतर साधारण आठ ते दहा फूट, वर मांडव किंवा वाय आकाराचा सांगाडा. त्यात मोठा ट्रॅक्टर घातला तर चाक मुळांवर जाते आणि वरचे घड, काड्या मोडतात. म्हणून इथे अरुंद आणि बुटका ट्रॅक्टर लागतो. महिंद्रा युवराज २१५, कुबोटा निओस्टार बी २४४१, जॉन डिअर ३०२८ ईएन, व्हीएसटी शक्तीची छोटी मॉडेले यांची चुरस मुख्यतः या पट्ट्यातली. मोठ्या ट्रॅक्टरच्या बाजारात मागे असलेली कंपनीही इथे पुढे असू शकते.

बागेत ट्रॅक्टरचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे ब्लोअरने औषध मारणे. ऑक्टोबरच्या आसपास गोडी बाराची छाटणी झाली की कोवळ्या फुटीवर डाऊनी आणि भुरी या रोगांचे सावट असते. अवकाळी पाऊस झाला तर पुढच्या काही तासांत फवारणी करावी लागते, नाहीतर वर्षाचे पीक हातचे जाते. जमीन तेव्हा चिखलाने भरलेली असते. साधा ट्रॅक्टर रुततो, चारही चाकांना ताकद देणारा बाहेर पडतो. अशा एका रात्री ज्या ट्रॅक्टरने साथ दिली, त्याच्याबद्दल मालकाच्या मनात जे घर होते ते कोणत्याही जाहिरातीने होत नाही. अशाच रात्री जो बंद पडला, त्याचे नाव पुढची वीस वर्षे त्या घरात निघत नाही.

येवला, नांदगाव, मालेगाव, बागलाण, देवळा या भागात कांदा, मका, डाळिंब आहे. इथे नांगरट, रोटाव्हेटर आणि भरलेली ट्रॉली बाजारात नेणे ही कामे मोठी. म्हणून ४० ते ५० अश्वशक्तीचे ट्रॅक्टर जास्त दिसतात आणि वजन, ब्रेक, चढावरची ओढ यावर वाद होतात. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा भाताचा आणि डोंगराचा भाग. तिथे चिखलणीत चालणारा हलका ट्रॅक्टर सोयीचा पडतो. दिंडोरीचा शेतकरी आणि येवल्याचा शेतकरी दोघेही आपापल्या ब्रँडची बाजू घेतात, तेव्हा दोघेही बरोबर असू शकतात. ते वेगवेगळ्या कामांबद्दल बोलत असतात.

निष्ठा नेमकी कोणाशी

शेतकरी नाव कंपनीचे घेतो, पण त्याचा भरवसा बऱ्याचदा जवळच्या तीन गोष्टींवर असतो.

पहिली गोष्ट फिटर. एखाद्या गावात एक चांगला फिटर असला आणि त्याचा हात एका कंपनीच्या इंजिनावर बसलेला असला, तर हळूहळू त्या परिसरात तोच ट्रॅक्टर वाढतो. रात्री फोन केल्यावर दुचाकीवर पाना घेऊन येणारा माणूस शोरूमच्या कोणत्याही योजनेपेक्षा मोलाचा असतो.

दुसरी गोष्ट सुटे भाग. फिल्टर, क्लच प्लेट, ऑइल सील पिंपळगाव किंवा मालेगावच्या दुकानात लगेच मिळाले तर काम थांबत नाही. ते मागवावे लागले तर हंगामातले दोन दिवस जातात. ज्याचे ट्रॅक्टर जास्त, त्याचे भाग दुकानदार जास्त ठेवतो, आणि ज्याचे भाग मिळतात त्याचे ट्रॅक्टर आणखी वाढतात.

तिसरी गोष्ट फेरविक्री. पाच-सात वर्षांनी ट्रॅक्टर विकायचा झाला तर परिसरात ज्याला मागणी आहे त्याला चांगला भाव येतो. त्यामुळे एखाद्याला दुसरा ब्रँड मनापासून आवडला, तरी उद्या विकताना अडचण नको म्हणून तो गावात चालणाराच घेतो. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बघून निर्णय घेतला की गावाचा रंग ठरून जातो.

शेजारी-शेजारी असलेल्या दोन गावांत दोन वेगळे ब्रँड का दिसतात, याचे उत्तर या तिन्ही गोष्टींत सापडते.

मन काय करते

सगळे व्यवहारानेच होत असते तर वाद इतके तापले नसते. इथे मानसशास्त्राची मदत होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडले की, आपली कृती आणि आपले विचार जुळेनासे झाले की माणूस अस्वस्थ होतो आणि ते जुळवून घेतो. मोठी खरेदी झाल्यावर 'चुकलो तर नाही ना' ही शंका येते. ती शमवायला माणूस आपल्या वस्तूचे गुण शोधत राहतो. त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसले की नवी मोटार घेतलेले लोक खरेदीनंतर आपल्याच मोटारीच्या जाहिराती जास्त वाचत होते. कर्जाचे हप्ते चालू असताना ट्रॅक्टरच्या बाजूने बोलणारा शेतकरी बऱ्याचदा समोरच्याइतकीच स्वतःचीही समजूत काढत असतो.

दुसरी बाब गटाची. ब्रिटनमध्ये हेन्री ताजफेल यांनी १९७०च्या सुमारास शाळकरी मुलांवर प्रयोग केले. अमुक चित्रकार आवडतो एवढ्या किरकोळ कारणावरून मुलांचे गट पाडले, तरी मुले आपल्या गटाला झुकते माप देऊ लागली. बोनेटचा रंग हे त्याहून कितीतरी ठळक कारण आहे. २००१ मध्ये अल्बर्ट म्युनिझ आणि थॉमस ओगिन यांनी एकाच ब्रँडच्या मालकांचे समाज कसे तयार होतात याचा अभ्यास मांडला. एकमेकांना ओळखणे, समान रीती आणि अडचणीत मदत ही त्यांची लक्षणे, तर दुसऱ्या ब्रँडला विरोध हा या समाजाला बांधणारा धागा, असे त्यांचे निरीक्षण होते.

अमेरिकेत हिरवा जॉन डिअर आणि लाल इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या मालकांतली चुरस पिढ्यान्‌पिढ्या चालली. इंटरनॅशनलचा ट्रॅक्टर व्यवसाय १९८५ मध्ये केस कंपनीत विलीन झाला, पण लाल-हिरवा वाद राहिला. महिंद्राची सुरुवात इंटरनॅशनलसोबत झाली आणि जॉन डिअर सणसवाडीला आला, त्यामुळे त्या जुन्या वादातली दोन्ही बाजूंची नाती महाराष्ट्रातही येऊन पोहोचली आहेत.

चुरस कुठे दिसते

पाडवा, अक्षय तृतीया, दसरा या मुहूर्तांवर शोरूमसमोर हार घातलेले ट्रॅक्टर उभे असतात. चाकाखाली लिंबू, बोनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, पेढे, आणि लगेच मोबाइलवर फोटो. पोळ्याला बैलांसोबत ट्रॅक्टरही सजवून मिरवणारी गावे आता नवलाची राहिलेली नाहीत. नाशिकला भरणाऱ्या कृषीथॉनसारख्या प्रदर्शनात कंपन्यांचे तंबू शेजारी-शेजारी असतात आणि जुने मालक आपल्या कंपनीच्या तंबूत पाहुण्यासारखे जाऊन बसतात.

पश्चिम महाराष्ट्रात ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागे नेण्याच्या स्पर्धा होतात. त्यात कसब चालकाचे लागते, तरी श्रेय कंपनीला मिळते. पंजाब-हरियाणात दोन ट्रॅक्टर एकमेकांना बांधून ओढण्याचे खेळ चालत आले आहेत. तिथे हौसेला धोक्याची बाजूही आहे. २०२३ मध्ये गुरदासपूर जिल्ह्यात कसरतीच्या वेळी एका तरुणाचा जीव गेल्यावर पंजाब सरकारने ट्रॅक्टरच्या कसरतींवर बंदी घातली. ताकद दाखवण्यासाठी मूळ बांधणीत फेरफार करणे, पुढची चाके उचलणे हे ट्रॅक्टरच्या मूळ कामात बसत नाही, आणि उलटलेला ट्रॅक्टर चालकाला क्वचितच दुसरी संधी देतो.

निष्ठा महाग कधी पडते

अभिमानाचा खर्च सहसा अश्वशक्तीत दिसतो. शेजाऱ्याने ४५चा घेतला म्हणून ५०चा घेणे, आणि वर्षाकाठी मोजके तास तो चालवणे, यात डिझेल आणि व्याज दोन्ही जाते. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले. त्यामुळे त्यांची यंत्रणा अधिक गुंतागुंतीची झाली आणि किंमतही वाढली. गावच्या फिटरला ती दुरुस्त करता येईल का, हा प्रश्न आता खरेदीआधीच विचारावा लागतो.

दुसरा खर्च जुन्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याचा. वडिलांच्या काळातला ट्रॅक्टर आणि आज त्याच नावाने मिळणारा ट्रॅक्टर यांचे इंजिन, गिअरबॉक्स, कधीकधी मालकही वेगळे असतात. जुन्या अनुभवाचा दाखला नव्या मॉडेलला लागू पडेलच असे नाही.

खरेदीआधी काय तपासावे

- पीटीओची ताकद: जाहिरातीत इंजिनाची अश्वशक्ती असते. ब्लोअर आणि रोटाव्हेटर मात्र पीटीओवर चालतात आणि ती ताकद नेहमी कमी असते. तुलना पीटीओच्या आकड्याची करावी.
- चाचणी अहवाल: मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची सरकारी चाचणी होते. अहवालात ताकद, इंधन, हायड्रोलिकची उचल यांची नोंद असते. विक्रेत्याकडे तो मागावा.
- रुंदी आणि उंची: बागायतदाराने फीत घेऊन ओळीतले अंतर आणि मांडवाची उंची मोजून शोरूमला जावे.
- आपल्या शेतात चाचणी: प्रदर्शनाच्या मैदानावर नव्हे, आपल्या जमिनीत, आपले अवजार जोडून, शक्यतो वाफसा असताना ट्रॅक्टर चालवून बघावा.
- सेवेचे अंतर: जवळचे सेवा केंद्र किती किलोमीटरवर आहे आणि हंगामात किती वेळात माणूस येतो, हे विक्रेत्याऐवजी त्या ब्रँडच्या दोन-तीन जुन्या मालकांना विचारावे.
- विरोधकाचे मत: आपल्या ब्रँडवरून दुसरीकडे गेलेल्या एखाद्या शेतकऱ्याने तो का सोडला, हे ऐकून घ्यावे. पारावर सर्वांत कमी ऐकले जाणारे, पण सर्वांत उपयोगी मत तेच असते.

एवढे तपासूनही शेवटी वडिलांच्याच रंगाचा ट्रॅक्टर घरी आला तर बिघडत नाही. फिटर जवळ आहे, भाग मिळतात, ओळीत ट्रॅक्टर बसतो आणि हप्ता झेपतो, या चार गोष्टी जमल्या की त्या निष्ठेला आधार आहे असे समजावे. यातली एकही जमत नसेल, तर केवळ रंगासाठी सात वर्षांचे कर्ज अंगावर घेण्यात शहाणपण नाही.